वर्षभराचं शिळं बी

माझी वहिनी गल्लीत कुणाला आवडायची नाही, आणि मला तर मुळीच नाही. सगळे तिला 'करवत' म्हणायचे. ते नाव मीच ठेवलं होतं.

दादा गेल्यावर वाटणी झाली, तीही मीच केली. विहिरीजवळची काळी जमीन मी घेतली आणि तिच्या पदरात दगडगोट्यांचा उतार टाकला. ती भांडणार म्हणून मी कंबर कसून बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "झालं समाधान?" पुढची पाच वर्षं आमच्यात शब्द नाही. गोठ्यात मधे भिंत घातली, पण विटा कमी पडल्या आणि ती छातीएवढीच राहिली. वरचा माळा दोघांचा. दोन्हीकडच्या गायी भिंतीवरून एकमेकींना चाटायच्या, माणसं मात्र पाठ करून उभी.

त्या उतारावर तिनं अंजन गवत लावलं. रस्त्याकडेला, जिथं काहीच जगत नाही तिथं तग धरून उभं असलेलं गवत ती हेरायची आणि त्याची कणसं पिशवीत ओरबाडून आणायची. बोटं कायम खरचटलेली. बी इतकं हलकं की कुणी शिंकलं तरी उडून जाईल. म्हणून ती ते माती नि शेणात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायची आणि पावसाच्या तोंडावर जमिनीवर नुसत्या टाकत जायची. नांगर नाही, वर माती लोटणं नाही. मी कुंपणावरून मोठ्यानं म्हणायचो, "बघा बघा, शेळी लेंड्या टाकत चाललीय!" ती वळूनही बघायची नाही, त्यानं माझा आणखी तिळपापड व्हायचा.

पाचव्या वर्षी माझी विहीर आटली. तिच्या उतारावर गुडघाभर गवत, वरून वाळलेलं पण मुळाशी जिवंत. माझ्या चार गायींच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या. पुढच्या उन्हाळ्याच्या आत चारा उभा राहिला नाही तर गायी विकाव्या लागणार होत्या. त्यातली तांबडी माझ्या हातांवर जन्मलेली. शेवटी मी बायकोला वहिनीकडे बी मागायला धाडलं.

बायको पोतं घेऊन आली. तोंड सोडलं तर बी मळकट, करडं, धुळीच्या वासाचं.

"गेल्या वर्षीचं आहे," बायको म्हणाली. "ताजंही होतं माळ्यावर. पण हेच ने म्हणाल्या."

"बघितलंस? शिळं गळ्यात मारलं!"

"अहो, एकदा विचारून तरी बघा."

"तिला? मेलो तरी नाही."

खरं सांगतो, तिच्या जागी मी असतो तर शिळंच दिलं असतं. म्हणूनच माझी खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी वहिनी उतारावर गेल्यावर मी माळ्यावर चढलो. तिचं ताजं, चकचकीत बी माझ्या पोत्यात भरलं, शिळं तिच्या पोत्यात ओतलं, तोंडं बांधली नि उतरलो. गोळ्या वळल्या, अगदी तिच्यासारख्या. पाऊस चारच सरी पडला, पण या गवताला तेवढा पुरतो. तिच्याकडे हिरवी लव आली, मग वीतभर पाती, मग गुडघाभर. माझ्याकडे गोळ्या विरघळल्या आणि खाली कोंब नाही. मी रांगत रांगत शोधलं.

दोन महिन्यांनी कुंपणाशी जाऊन मी ओरडलो, "काय कालवलं होतंत त्या बियात?"

तिनं विळा खाली ठेवला. "कुठल्या? मी दिलं त्यात, की तुम्ही नेलं त्यात?"



"पोत्याला मी दुहेरी गाठ मारते, भावजी. तुम्ही एकेरी मारून ठेवलीत. या गवताचं ताजं बी उगवत नाही. वर्षभर पडून राहिलं तरच उगवतं. म्हणून जुनं दिलं होतं."

"मग तसं सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत?"

मग तिनं कुंपणालगतचा एक पट्टा दाखवला. दाट, कमरेला लागेल एवढा.

"ते तुमचं पोतं. माझ्यात मिसळलं नाही, वेगळं टाकलं. कापून न्या. चार बोटं ठेवून कापायचं. गायी आत सोडू नका, पहिल्या वर्षी मुळासकट उपटून येतं."

कसंबसं म्हणालो, "उपकार झाले, वहिनी."

"उपकार कसले? दुसऱ्याच्या वाटणीचं मी ठेवून घेत नाही."

एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली. तांबडी वाचली, चारही वाचल्या. त्या पट्ट्यात मी अजून गवत कापतो, चार बोटं ठेवून, आणि ती समोर असेपर्यंत मान वर करत नाही.