लाडक्याचा शेरा

मुरुडकडच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो तेव्हा माझं वय सव्वीस. हेडमास्तरांचा माझ्यावर जीव होता. माझं इंग्रजी त्यांना आवडे, आणि खुशामत करायला मी कधी मागे राहिलो नाही. कुणाचाही अर्ज आला की ते तो आधी माझ्याकडे धाडत. मी कडेला शेरा लिहायचा, त्याखाली त्यांनी न वाचता सही करायची.

एका वर्षी संमेलनासाठी मी एलिझाबेथ राणीच्या काळातलं एक ऐतिहासिक नाटक मराठीत उतरवलं. त्यातला राजा आपल्या लाडक्याला शेजारी बसवतो, राजमुद्राही त्याच्या हाती देतो, आणि पिढीजात सरदार बंड करतात. संमेलनाचं नाटक बसवायचा मान तोवर शास्त्रीबुवांचा होता. ते संस्कृत शिकवत, नोकरीत माझ्याहून वीस वर्षं जुने. तरी त्यांनी मुकाट्याने एका म्हाताऱ्या सरदाराचं काम घेतलं. फक्त एकदा तालमीत सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, त्या लाडक्याचं पुढे काय होतं हो?"

"सरदार त्याचं डोकं उडवतात."

"असं? आमच्याकडचे सरदार नुसतं पान खातात."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात ठेवलं.

आठवड्याने त्यांचा रजेचा अर्ज आला. दिघीला दिलेली त्यांची मुलगी बाळंतपणानंतर तापाने पडली होती. मी शेरा लिहिला की संमेलन चार दिवसांवर आहे, रजा त्यानंतर द्यावी. सही झाली. शास्त्रीबुवा हेडमास्तरांकडे गेले, तर त्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. न विचारता जावं तर नोकरी गेली असती. वडिलांच्या वयाचा तो माणूस माझ्या टेबलापुढे उभा राहिला.

"माझी सहाच वाक्यं आहेत. कुणीही म्हणेल."

मी त्यांना शिस्तीबद्दल सांगितलं.

नाटक रंगलं. त्यांनी सहाही वाक्यं बिनचूक म्हटली. दुसऱ्या दिवशी ते आगरदांड्याहून तरीत बसून खाडीपलीकडे पोचले, तेव्हा मुलीला जाऊन दोन दिवस झाले होते.

ते परत आले, निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. मला रोज नमस्कार करत. हेडमास्तरांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. पुढे ते नाटक मुलांना अभ्यासाला लागलं. दोष दुबळ्या राजाचा, लाडक्याचा नव्हे, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं, आणि तसं लिहिणाऱ्यांना पुरे गुण दिले.