डासांशी उभा दावा

बडोद्यातले डास जर कधी एकत्र जमून आपल्या वैऱ्यांची नावं घेत असतील, तर पालिकेच्या धूर मारणाऱ्या गाडीचं नाव दुसरं आणि आमच्या साडूभाऊंचं पहिलं येत असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी एका रसायनांच्या कारखान्यात, सेफ्टी खात्यात काढला. माणसांना हेल्मेट घालायला लावायचं, शिडीला हात लावण्याआधी शिडी तपासायला लावायची आणि कुणी मोठ्याने हसला तरी काय सांडलं ते बघायला धावायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर एवढी सावधगिरी आता खर्च कुठे करायची, हा प्रश्न त्यांना पडला असावा. मग ते बडोद्यातच हरणीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पहिल्याच संध्याकाळी बाल्कनीत त्यांच्या कानाशी एक डास गुणगुणला आणि प्रश्न सुटला.

"चावला का?" मी नंतर सहज विचारलं होतं.

"चावला असता तर तो अपघात," ते गंभीरपणे म्हणाले. "हा नियर मिस, थोडक्यात टळलेला अपघात. आणि शहाणा माणूस नियर मिसचीच चौकशी करतो."

ती चौकशी अजून चालू आहे. त्यांच्या घराच्या खिडक्यांना आधी एक जाळी होती, मग तिच्यामागे दुसरी आली. सूर्य मावळायला लागला की ते खोल्याखोल्यांतून "साडा छ वागी गया, बारी बंध!" अशी, साडेसहा वाजले, खिडक्या लावा अशी, हाळी देत फिरतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते की या फ्लॅटमध्ये आल्यापासून सूर्यास्त मी फक्त भिंतीवर पडलेल्या उजेडावरून ओळखते. वैशाखात बडोद्याचे रस्ते तव्यासारखे तापलेले असतात, तेव्हाही साडूभाऊ पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले अशा थाटात भाजी आणायला निघतात. कडुनिंबाचं तेल, कापूर आणि लीली चा, म्हणजे गवती चहा, यांच्या मिश्रणाचा त्यांच्या अंगाला असा काही वास येतो की लिफ्टमधून ते उतरून गेल्यावरही मागून येणाऱ्याला कोण उतरलं ते विचारावं लागत नाही. घरात पाल दिसली की ताई किंचाळते. साडूभाऊ पालीला हात जोडतात. "तिला हुसकू नकोस. आपल्याच खात्यातली आहे."

दुसऱ्याच्या घरी जाताना माणसं मिठाई नेतात, साडूभाऊ बॅटरी नेतात. कारेलीबागेत आमच्याकडे आले की चपला काढून ते सरळ फ्रिजच्या मागे जातात आणि तिथला ट्रे उपसून पाहतात. मग कुंड्यांखालच्या बशा. एकदा त्यांनी आमच्या देवघरातल्या गंगाजलाच्या गडूत बॅटरी मारून पाहिली. हिने डोळे वटारले, तर म्हणाले, "पाणी पवित्र आहे यात वाद नाही, पण झाकण लावलंत तर जास्त दिवस पवित्र राहील." स्वतःच्या शेजारच्या जयाबेनशी मात्र त्यांचं चांगलंच वाजलं होतं. जयाबेन गॅलरीत पाखरांसाठी पाण्याची कुंडी ठेवत, आणि साडूभाऊंच्या मते तो डासांचा प्रसूतिगृह विभाग होता. "भाई, चकली तरसी मरशे," जयाबेन डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. चिमण्या तहानेने मरायला नकोत, हे साडूभाऊंनाही पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी जयाबेनकडे जाऊन कुंडी घासून, ताजं पाणी भरून ठेवायला लागले. हल्ली ते ताईला चहा घेता घेता कोणती चिमणी आली होती आणि कोणती आली नाही ते सांगतात.

विश्वामित्री नदीला पूर येतो, मगरी सोसायट्यांच्या गल्ल्यांतून फिरायला लागतात, सगळं शहर मोबाइल घेऊन गच्च्यांवर चढतं. साडूभाऊ तेव्हाही घरात बसून पाणी ओसरल्यावर डबकी कुठे साचतील याचा विचार करत असतात. "मगर दिसते हो," ते म्हणतात. "दिसणाऱ्या गोष्टीपासून माणूस वाचतो."

पण त्यांचं खरं रूप मी पाहिलं ते माझ्या पुतण्याच्या लग्नात. लग्न संध्याकाळचं, हिरवळीवर. साडूभाऊंनी डास मारायची विजेची बॅट कापडी पिशवीत घालून आणली होती आणि ते थेट अंतरपाटाजवळ जाऊन उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी "शुभमंगल सावधान" म्हणताच पिशवीतून बॅट बाहेर आली आणि नवरदेवाच्या कानामागे चट्ट असा आवाज झाला. नवरदेव दचकून पुढे झुकला, अंतरपाट धरणाऱ्यांना वाटलं वेळ झाली, त्यांनी तो खाली घेतला, आणि उरलेली मंगलाष्टकं नवरा-नवरीने एकमेकांकडे बघत ऐकली. साडूभाऊंना यात काहीच वावगं वाटलं नाही. "आपल्या सोळा संस्कारांत सेफ्टीचा शब्द एवढाच आहे," ते जेवताना मला म्हणाले. "आणि त्याच वेळी कुणी सावध नसतं."

अशा माणसाला ताईने जंगलात सहलीला न्यायचं ठरवलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच कापरं भरलं. पण कारण तसं होतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, मीनूला, कॅनडात नोकरी लागली होती. ती जायच्या आधी दोन्ही घरांनी मिळून कुठेतरी जावं अशी ताईची इच्छा होती आणि मीनूला झाडं आणि पाणी हवं होतं. ती नोकरी लागल्यापासून साडूभाऊ त्या विषयावर चकार शब्द बोलले नव्हते. जा म्हणाले नाहीत, जाऊ नकोसही म्हणाले नाहीत. मीनू माझ्या बायकोला म्हणाली होती, "मावशी, बाबा माझ्याशी हल्ली फक्त मच्छरांबद्दल बोलतात. मी व्हिसा आला म्हटलं, तर म्हणाले, बारी बंद कर."

तर वाघोडियाच्या पुढे, जांबुघोड्याच्या जंगलाकडे, तळ्याकाठच्या एका कॅम्पमध्ये आम्ही दोन गाड्या घेऊन पोचलो. उतरल्या उतरल्या साडूभाऊंनी आम्हाला पार्किंगमध्ये एका ओळीत उभं केलं आणि कारखान्यात पाळी सुरू होण्याआधी देतात तसं भाषण दिलं. बाह्या खाली. बूट घालण्याआधी झटकायचे. एकट्याने झुडपात जायचं नाही. कुणाला चावलं तर लपवायचं नाही, ताबडतोब त्यांना सांगायचं. भाषण संपेपर्यंत माझ्या बायकोला दोन डास चावले होते, पण तिने ते लपवलं.

खोलीत शिरल्यावर त्यांनी धुपाटण्यात निखारे मागवून घेतले, त्यावर कडुनिंबाचा ओला पाला आणि मूठभर ऊद टाकला आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. थोड्याच वेळात खोलीच्या कौलांमधून असा धूर निघायला लागला की कॅम्पचे मॅनेजर आणि आचारी बादल्या घेऊन धावत आले. "काका, आग लागी?" मॅनेजर ओरडले. आतून खोकल्याची मोठी उबळ आली आणि मग साडूभाऊंचा दुखावलेला आवाज आला, "आग नथी! सेफ्टी छे!" आयुष्यभर आगी लागू न देणाऱ्या माणसावर अर्धी बादली पाणी पडलं, ते त्यांनी मुकाट्याने पुसलं.

ऊन उतरल्यावर आम्ही चहा घेऊन तळ्यावर गेलो. साडूभाऊ कपडे बदलून मागून आले आणि त्यांना पाहून माझ्या बायकोच्या हातातला कप हिंदकळला. त्यांनी ताईकडून एका जुन्या गुलाबी मच्छरदाणीची टोपी शिवून घेतली होती. टोपीची झालर कॉलरमध्ये खोचलेली, हातांत मोजे, मनगटांवर आणि घोट्यांवर रबरबँड. हवासुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय आत गेली नसती. काठावर आणंदहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाईंनी त्यांना मध काढणारा समजून आदबीने भाव विचारला, "काका, मध शुं भाव?"

मीनू खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण ताईने चटकन तिच्याकडे पाहिलं.  साडूभाऊ मात्र एका आंब्याच्या झाडाला टेकून पहाऱ्यावर उभे राहिले. मीनूने बूट काढले, जीन्स गुडघ्यांपर्यंत दुमडली. तळ्यात मगर नाही हे मॅनेजरांनी ताईला तीनतीनदा सांगितलं होतं, तेव्हा मीनू पाण्यात पाय सोडून बसली.

"मीनू, पाय झाक," झाडाखालून आवाज आला.

"बाबा, बसू द्या ना."

"संध्याकाळ होतेय. पाय झाक."

मीनूने मागे वळून पाहिलं नाही. पाण्याकडे बघतच म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून कोण सांगणार आहे मला, पाय झाक म्हणून?"

आम्ही सगळे एकदम चहाच्या कपांत बघायला लागलो. जाळीच्या आत साडूभाऊंचा चेहरा कसा झाला ते दिसलं नाही. ते झाडाला आणखी रेलले.  एरवी कुठल्याही झाडाला टेकण्याआधी ते बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तपासणारा हा माणूस त्या दिवशी वर बघायलाच विसरला होता. वर फांदीवर पानं चिकटवून केलेलं तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं, आणि बुंध्याला घासून टोपीची झालर मागून जराशी सुटली होती.

सुरुवातीला त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "कोणीही घाबरू नका. एक मुंगी आत आलेली आहे." मग जरा थांबून, "दोन आहेत." मग त्यांचा आवाज चढला, "बरीच मंडळी आहेत!" आणि पुढचं सगळं त्यांच्या पायांनीच सांगितलं. आत आलेल्या मुंग्यांना बाहेर जायला वाट सापडत नव्हती. मनगटाशी रबरबँड, घोट्याशी रबरबँड, गळ्याशी झालर. बंदोबस्त इतका चोख होता की मुंग्या आणि साडूभाऊ एकमेकांच्या तावडीत पुरते सापडले होते. ते एका पायावर नाचले, मग दुसऱ्यावर, मग असं काही गोल फिरले की नवरात्रात गरब्याच्या मैदानावर वाहवा मिळाली असती. आणि आमच्यापैकी कुणी पुढे होण्याआधी, साचलेल्या पाण्याचा ज्याने एवढा द्वेष केला तो हा माणूस, गुलाबी टोपीसकट धावत जाऊन तळ्यात बसला.

आणंदच्या बाई उभ्या राहिल्या. माझी बायको पदरात तोंड लपवून हसत होती, ताई "अहो, अहो" म्हणत हसत होती, आणि मीनू तर हसून हसून दुमडली होती. हसता हसताच ती कपड्यांनिशी पाण्यात उतरली. वडिलांजवळ जाऊन बसली, टोपी काढली, एकेक रबरबँड तोडला आणि त्यांच्या मानेवरच्या मुंग्या वेचायला लागली. मी टॉवेल घेऊन गेलो होतो, काठाशीच थांबलो. कारण ती अजून हसते आहे असं मला लांबून वाटत होतं, आणि जवळ गेल्यावर तसं नव्हतं.

"खूप चावल्या का?" तिने विचारलं.

"चावू देत."

तिने आणखी एक मुंगी काढून पाण्यात सोडली. साडूभाऊंची मान लालभडक झाली होती. ते समोरच्या काठाकडे बघत होते.

"तिथे," ते म्हणाले, "तिथे कॅनडात थंडी असते ना? कडाक्याची?"

"असते, बाबा."

"मग मच्छर नसणार."

"नसतातच."

"मग जा," साडूभाऊ म्हणाले. "मग हरकत नाही."

मीनूने त्यांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघंही कमरेइतक्या पाण्यात बसून राहिली. त्या वेळी त्यांच्याभोवती जे डास घोंगावत होते ते काठावरून मलासुद्धा दिसत होते.

मीनू गेली त्याला आता बरेच महिने झाले. कॅनडात उन्हाळ्यात, विशेषतः तळ्यांच्या आसपास, कसे डास असतात, हे तिने पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या बायकोला फोटोसकट कळवलं. हातावर टमाट्यासारख्या गांधी उठलेल्या. खाली लिहिलं होतं, 'मावशी, बाबांना प्लीज सांगू नकोस.'

परवा संध्याकाळी मी हरणीला गेलो होतो. ताईने दार उघडलं आणि बोटाने वर दाखवलं. घरात फोन नीट लागत नाही, दुहेरी जाळ्यांमुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, आणि मीनूची सकाळ म्हणजे इथली नेमकी संध्याकाळ. मी गच्चीवर गेलो. साडूभाऊ पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर फोन समोर धरून बसले होते. फोन अचानक आला असावा, कारण ते नुसत्या गंजीफ्रॉकवर होते. डोक्यावर डासांचा एक खांबच्या खांब फिरत होता.

"बाबा, बाहेर बसलात? मच्छर चावत नाहीत ना?" फोनमधून मीनू विचारत होती.

"छे! एकही नाही," साडूभाऊ म्हणाले. "औषध मारून गेले आजच. तुझ्याकडे?"

"इथे कुठले, बाबा!" मीनू म्हणाली. तिने थंडी नसताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि एका कोपराशी ती हळूच खाजवत होती.

मी साडूभाऊंच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांच्या कपाळावर एक डास निवांत बसून रक्त पीत होता. तो उडवायला मी हात पुढे केला. साडूभाऊंनी फोन जराही हलू न देता, नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं.