सासूबाईंची दुपारची झोप

परवा लेकीने सुरंगीच्या फुलांचा वळेसार माझ्या उशाशी ठेवला आणि त्या वासासरशी मी आमच्या मालवणच्या पडवीत जाऊन पोचले. तिथे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची खाट होती. माडांच्या झावळ्यांतून येणारं ऊन त्यांच्या चादरीवर पाण्यासारखं हलायचं, लांबून समुद्राची गाज यायची, आणि उशाला नवऱ्याने कणकवलीहून आणलेलं, घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा शिकवणारं जाडं पुस्तक असायचं. कूस कशी बदलावी, पेज कशी भरवावी, सगळं मी त्यातूनच शिकले. जेवण झालं की सासूबाईंचा डोळा लागायचा, आणि मग मीही खाली चटईवर कलंडायची. एका दुपारी मला मधेच जाग आली, तर सासूबाई चष्मा लावून, एका हाताने ते पुस्तक छातीवर धरून वाचत होत्या. मला पाहताच त्यांनी चटकन डोळे मिटले, चष्मा तसाच नाकावर. मला हसूच फुटलं. "झोप नाही आली?" मी विचारलं. "माका दुपारची झोप कधी इली गो?" डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "ह्येच्यात लिवलेला आसा, आजारी माणूस निजलो काय सांभाळणाऱ्यानय पडान घेवचा. मी डोळे मिटूक नाय, तर तू पाठ टेकतलंस काय?" आता पाय प्लास्टरमध्ये घालून मीच खाटेवर आहे. परवा जेवणानंतर लेक शेजारी येऊन बसली, तेव्हा तिचे डोळे पेंगुळले होते. मला झोप मुळीच येत नव्हती. मी आठवणीने चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले.