युरिया कमी टाका म्हणणारे भाऊ

जमिनीतून निघणारी हवा धरायला शेतात ठेवलेल्या पेटीचं झाकण लावताना माझे सहकारी भाऊ श्वास रोखून धरायचे. आपल्या श्वासातला वायू आत शिरला तर नमुना बिघडेल, ही भीती. मग बांधावर जाऊन श्वास सोडायचे आणि मला विचारायचे, “आते काय व्हई वं?” आता काय होईल गं, एवढाच अर्थ. घरची अहिराणी त्यांच्या तोंडी यायची ती काळजीत असताना, म्हणजे दिवसभर.

गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून परत फिरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाऊ सुरतेतल्या डिंडोलीच्या घरून निघाले की अर्ध्या वाटेवरून एकदा घरी परत जायचेच.

आमचं काम सुरतेबाहेरच्या उसाच्या शेतात. पिकानं न उचललेल्या युरियापासून जमिनीतले जीवाणू नायट्रस ऑक्साइड तयार करतात. तो दिसत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे. पेटीत साठलेली हवा सिरिंजनं काढून आम्ही तपासायचो. युरिया टाकून पाणी दिलं की आकडे चढत, आणि भाऊंचा डबा अर्धा तसाच राही.

शेत एका गुजराती काकींचं. नवऱ्यामागे त्या एकट्याच ते बघत. भाऊ सहसा कुणाला सल्ला देत नसत. पण काकींनी एकदा सरळच विचारलं, तेव्हा ते चाचरत म्हणाले, “एका पट्ट्यात युरिया कमी टाकून बघा. तोही थोडा थोडा.” काकींनी ऐकलं. त्या दिवसापासून भाऊंची झोप उडाली. सुट्टीच्या दिवशीही ते स्कूटरवरून उसाची पानं बघायला जायचे.

भर पावसाळ्यात तो पट्टा पिवळा पडला. दुसऱ्या दिवशी भाऊ आले ते स्कूटरवर युरियाची गोणी घेऊनच. चेहरा पांढराफटक. माझ्यामुळे बाईंचं पीक जायला नको, एवढंच म्हणत राहिले. गोणी उतरवायला लागले, तर काकी आडव्या उभ्या राहिल्या.

“रहेवा दो, भाई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पहेला पाणी उतरवा दो.”

राहू द्या, आधी पाणी उतरू द्या. पट्ट्यात पाणी तुंबलं होतं, पानं त्यानंच पिवळी पडली होती. चर काढल्यावर ते ओसरलं आणि पानं हळूहळू हिरवी झाली. गोणी परत गेली.

ऊस तुटायच्या आत आमचा प्रकल्प संपला. भाऊ धुळ्याकडे नोकरीला गेले. तोडणीला मी एकटीच होते. त्या पट्ट्यातला ऊस बाकीच्या उसासारखाच भरला होता. काकींनी भाऊंची चौकशी केली आणि निरोप दिला: “एमने कहेजो, हवे निरांते ऊंघे.” आता निवांत झोपा म्हणावं.

मी तिथूनच फोन लावला. निरोप सांगितला. मग मी सांगितलं, काकी पुढच्या वर्षी सगळ्याच शेतात युरिया कमी टाकणार आहेत.

“पुरा वावरमा?” भाऊंनी विचारलं. आणि पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा, पाठोपाठ स्कूटरची किल्ली उचलल्याचा आवाज आला.