समुद्राकडची बाजू

माझा नवरा आणि भावजी लोखंड रंगवायचं काम करायचे. शेडचे खांब, छपराच्या कैच्या, पाण्याच्या टाक्या, धुराडी, जे उंच असेल आणि गंजत असेल ते सगळं. भावजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत, नवऱ्याचे दोस्त. आम्ही बौद्ध, ते हातकणंगल्याजवळच्या शेतकरी घरातले. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे दोघं एका ताटात जेवताना पाहत आले. जयंतीची कमान रंगवायला भावजी शेतातलं काम टाकून कोल्हापूरला यायचे आणि कमानीवरच्या नक्षीवरून माझ्या नवऱ्याशी तावातावानं भांडायचे. तेवढंच काय ते त्यांचं भांडण.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या आसपास शेडचं काम भरपूर निघत होतं. त्यांच्या हाताला नाव होतं. त्यावरूनच घाटाखालच्या एका बंदरावरच्या कारखानदारानं त्यांना बोलावलं. त्याचा बर्फाचा नवा कारखाना होता, मासळीसाठी. लोखंडी सांगाडा उभा राहून बरेच दिवस झाले होते, रंग तेवढा राहिला होता.

दिवाळी झाल्यावर आम्ही गगनबावड्यावरून खाली उतरलो. पोरांना सासूबाईंजवळ ठेवून मी स्वयंपाकाला म्हणून गेले. खरं तर मला समुद्र बघायचा होता.

समुद्र बघून झाला, मग बाकीचं दिसायला लागलं. मिठाच्या बरणीत दोन दिवसांत पाणी सुटलं. धुतलेले कपडे वाळायचे, पण हाताला चिकटच लागायचे. आमच्याकडं पाऊस सरला की रंगारी उजाडल्याबरोबर कामाला लागतो. इथं सकाळी लोखंडाला हात लावला तर कुणी नुकतंच पाणी मारल्यासारखं ओलं. दव सुकेपर्यंत ऊन चांगलं वर यायचं. दुपार कलली की समुद्राकडून वारा सुटायचा आणि ओल्या रंगावर बारीक काहीतरी येऊन बसायचं. मधल्या तेवढ्या वेळात काय होईल ते काम. सोबत आणलेली हाताखालची माणसं बसून कंटाळायची, पत्ते खेळायची.

"हितलं हवामान आपल्यासंगं चेष्टा करतंय गड्या," भावजी म्हणायचे.

माझ्या नवऱ्याला चेष्टा पटत नव्हती. त्यानं एक नियम केला. दव पुरतं सुकल्याशिवाय कुणी ब्रश उचलायचा नाही. त्या नियमानं त्यानं जमिनीकडची बाजू स्वतः पुरी केली. आधी तारेच्या ब्रशानं घासून, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. काम देखणं झालं होतं.

समुद्राकडची बाजू राहिली असताना त्याला कागलच्या एका नव्या शेडचं माप घ्यायला जावं लागलं. जाताना भावजींना सांगून गेला, "दव सुकल्याबिगर हात लावू नको."

"माहीत हाय की. जा तू."

तो गेला आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती दमट कोंदट हवा. लोखंड दुपारपर्यंत घाम आल्यासारखं ओलं राहायचं. कारखानदार रोज येऊन उभा राहायचा. होड्या मासळी घेऊन येत होत्या, त्याला यंत्रं चालू करायची होती. भावजींनी एक दिवस टाळलं, दुसरा टाळला. मग माझ्याकडं आले.

"वहिनी, जुन्या साड्या काय असतील तर द्या की."

माझ्याजवळच्या दोन फाडून दिल्या. त्यांनी एकेक खांब कोरड्या फडक्यानं पुसला, वाळत घातलेला कपडा गालाला लावून ओल बघतात तसा गाल लोखंडाला लावून बघितला, मगच रंगाला सुरुवात केली. खालच्या खांबांना मीही फडकं मारलं. चुकवाचुकवी त्यात काही नव्हती. मी तिथं होते.

नवरा परत आला तेव्हा ती बाजू झाली होती. त्यानं एकदा आभाळाकडं बघितलं.

"कवा सुकलं रं हे?"

"पुसून घेतलंय. वहिनीस्नी इचार."

त्यानं मला विचारलं नाही. काम संपलं, आम्ही घाट चढून घरी आलो.

पुढचा पावसाळा सरता सरता कारखानदाराचा निरोप आला. आम्ही तिघं गेलो. समुद्राकडच्या बाजूला रंगावर फोड आले होते, भाजल्यावर येतात तसे. काही फुटून त्यांतून तांबूस पाणी खांबावरून ओघळलं होतं. जमिनीकडची बाजू मात्र तशीच तुकतुकीत होती. एवढं बघितल्यावर माझ्या नवऱ्याचा तोल गेला. कारखानदार उभा, गावातली चार माणसं उभी, त्यांच्यासमोर तो बोलला.

"दवात रंग मारलास तू. मी सांगून गेलतो."

"पुसलंतं म्हणतोय न्हवं."

"पुसलं असतंस तर असं झालं असतं व्हय? माझी बाजू बघ. सरळ सांग की, कंटाळा आला म्हणून उरकलं."

मी मध्ये बोलले. "अवो, मी सोता पुसलंय. माझ्या साड्या हायत त्यात."

"तू मधी पडू नको."

भावजींनी एक फोड नखानं उचकटला, बोटावर आलेली खपली बराच वेळ बघितली. मग खांद्याला पिशवी लावून ते एसटी स्टँडाकडं निघून गेले. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येतील. मी त्यांच्या वाटच्या भाकऱ्याही थापल्या.

माझ्या नवऱ्यानं ती बाजू खरवडून पुन्हा रंगवली, कडक उन्हात, कोरड्या दिवशी. भावजींचा विषय घरात निघेनासा झाला. जयंतीच्या कमानीला त्या वर्षी दुसरा माणूस आला.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा निरोप आला. आता दोन्ही बाजूंना फोड होते. जमिनीकडची, नवऱ्याची स्वतःची बाजूही खालून फुगत वर चढली होती. रंगाच्या कंपनीचा एक माणूस बघायला आला होता. त्यानं जमिनीकडच्या खांबावरचा पापुद्रा काढला, खालचं लोखंड बोटानं चाचपलं आणि विचारलं,

"रंगाआधी धुतलं होतं का?"

"तारेच्या ब्रशानं घासलंय, चकचकीत."

"घासून मीठ जात नाही हो. इतके दिवस सांगाडा समुद्राच्या वाऱ्यात उघडा होता. गोड्या पाण्यानं धुवायला हवं होतं. मीठ आत राहिलं की ते रंगाखाली पाणी ओढून घेतं. वारा जिथं जास्त, तिथं आधी दिसतं, एवढंच."

"आणि दव?"

"दवानं थोडं बिघडलं असेल. पण मुळात हे मिठाचं आहे."

माझ्या नवऱ्यानं उघड्या लोखंडावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. तिथं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं, विहिरीचं मचूळ, खारट लागायचं. गोड्या पाण्यानं लोखंड धुवायचं, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोल्हापुरात धूळ झटकली की काम सुरू.

परतल्यावर तो मला घेऊन भावजींच्या गावाला गेला. भावजी गोठ्यात होते. आम्हाला बघून हात धुऊन आले, अंगणात घोंगडं टाकलं.

"या पावणं, बसा. चा घ्या."

'पावणं' हा शब्द आमच्याकडं कुणालाही लावतात. वाट विचारणाऱ्यालाही. इतक्या वर्षांत भावजींनी तो माझ्या नवऱ्याला कधी लावला नव्हता. नवऱ्याचा चेहरा उतरला. तरी त्यानं सगळं सांगितलं, मिठाचं, धुण्याचं, स्वतःच्या बाजूचं. "चुकलं माझं," असंही म्हणाला. भावजींनी मान खाली घालून ऐकलं.

"झालं ते झालं. आता मी म्हशी बघतोय. दूध डेअरीला जातंय. ब्रशाला हात न्हाय लावत."

त्यांच्या बायकोनं मला हळदकुंकू न लावता नुसता नारळ ओटीत घातला. आमच्यात काय चालतं, काय चालत नाही, हे त्या घराला माहीत होतं. एवढी ओळख ठेवणाऱ्या घरातून आम्ही परक्यासारखे निघालो.

पुढच्या काळात माझ्या नवऱ्याला किनाऱ्यावरची कामं मिळत गेली, जेट्टीचे कठडे, डिझेलच्या टाक्या. पहिल्यांदा पाण्याचा टँकर यायचा, मग ब्रश. पावसाळा संपल्यापासून वारा बदलेपर्यंत तो घाटाखालीच असायचा. काम टिकायचं. माणसं मिळाली, जोडीदार मिळाला नाही. जेवताना डबा उघडून तो एकटा बांबूच्या परांचीखाली बसायचा, हे मला दुसऱ्यांकडून कळायचं.

पाच-सहा वर्षांपूर्वी भावजींच्या गावाजवळून जाताना आम्ही पुन्हा एकदा त्यांच्या दारात थांबलो. दोघांचेही केस पांढरे झाले होते. चहा झाला, पोरांची चौकशी झाली, पावसाची झाली. मग बोलायचं संपलं. आम्ही उठणार एवढ्यात भावजींनी विचारलं,

"आता धुतोस कसं? वरच्या कैच्यांपातूर पाणी चढतंय व्हय?"

माझा नवरा पुन्हा बसला. पंप कसा लावतो, पाणी वरून खाली कसं सोडतो, धुतल्यावर त्याच दिवशी प्रायमर का मारावा लागतो, हातवारे करून सांगायला लागला. भावजी पुढं सरकून ऐकत होते. मध्येच एकदा म्हणाले, "मग सांध्यात पाणी राहत असंल की." नवरा म्हणाला, "तीच तर बोंब हाय." कितीतरी वर्षांनी मी त्याचा तो आवाज ऐकत होते.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली. धारांची वेळ झाली होती. भावजी बादली घेऊन उठले, दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सावकाश जावा." आम्ही मोटारसायकलवर बसलो.

रस्त्याला लागल्यावर नवऱ्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "सांध्याचं त्यानं बरोबर धरलं बघ."

मी व्हय म्हणाले.