डाव्या किडनीचा खालचा कोपरा

बायकोपासून माझं काही लपत नाही. माझ्या शुगरचे आकडे मी तिला कमी करून सांगतो, तेही तिला कळतं. पण हे तिला ठाऊक नाही. कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच बहुधा—ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटली नसती.

मी सर्जन आहे. किडनी, मूत्राशय, प्रोस्टेट, मुतखडे—हे माझं राज्य. नगरला माझं लहानसं हॉस्पिटल आहे आणि एके काळी जिल्ह्यात असं म्हणायचे, की हा डॉक्टर असताना पुण्याला जायची गरज नाही. हे वाक्य मी स्वतः कधी कुठे लिहून लावलं नाही. पण कुणी म्हटलं की मी गप्प बसून ऐकायचो, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. कबुलीला सुरुवात करायचीच तर इथून करायला हवी, नाही का?

मी शिकलो तेव्हा किडनीच्या कॅन्सरला एकच उत्तर होतं—किडनी काढा. नुसती किडनी नाही. तिच्याभोवतीची चरबी, वरची ग्रंथी, सगळं गाठोडं बांधल्यासारखं बाहेर. कुशीत हातभर चीर, कधी बरगडीचा तुकडाही कापायचा. आमचे सर म्हणायचे, कॅन्सरशी काटकसर नको. ते चूक नव्हते. तेव्हा पेशंट यायचे तेच लघवीतून रक्त जायला लागल्यावर, पोटाला हात लावला की गाठ लागायची. वाचवण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

मग तालुक्या-तालुक्यात सोनोग्राफी आली. बेलापूरचा कुणी पोट दुखतंय म्हणून फोटो काढायचा आणि किडनीत आवळ्याएवढी गाठ सापडायची, ध्यानीमनी नसताना. गाठी लहान झाल्या तसे नियमही बदलत गेले. आधी कळलं की वरची ग्रंथी उगाच काढत होतो. मग ज्यांना एकच किडनी आहे त्यांची फक्त गाठ काढायला लागले. मग असं दिसलं की गाठ लहान असेल तर दोन किडन्या असलेल्यांचीही फक्त गाठच काढावी, बाकीची किडनी राहू द्यावी—माणूस तितकाच जगतो आणि पुढे किडनी कमी पडायची भीती कमी होते. मी हे सगळं वाचत होतो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुर्बिणीचं ऑपरेशनही मी शिकलो. हातभर चिरेच्या जागी तीन-चार छोटी भोकं आणि किडनी बाहेर काढण्यापुरती चीर. लोक खूश, तिसऱ्या दिवशी घरी. पण एक गंमत बघा—बाहेरची चीर लहान करायला मी शिकलो, आतून काढत होतो ते तेवढंच राहिलं.

नुसती गाठ काढणं मी एकदा करून पाहिलं होतं. किडनीची रक्तवाहिनी चिमट्यात धरायची, घड्याळ लावायचं, गाठ कापायची, खड्डा शिवायचा आणि अर्ध्या तासाच्या आत चिमटा सोडायचा. मी सोडला आणि खड्डा रक्ताने भरला. पुन्हा शिवलं, पुन्हा भरला. शेवटी पूर्ण किडनी काढली तेव्हा कुठे थांबलं. पेशंट सुखरूप घरी गेला. मी मात्र त्या दिवसापासून त्या ऑपरेशनला घाबरलो. घाबरणं गुन्हा नाही हो. पण मी ते कुणाला सांगितलं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकून ठेवली.

त्यानंतर पगारे बाई आल्या.

सोनईजवळच्या एका खेड्यात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, मधुमेह नुकताच सुरू झालेला. पित्ताच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीच्या खालच्या कोपऱ्यात गाठ दिसली. आवळ्याएवढी, अर्धी बाहेर डोकावणारी. नुसती गाठ काढायला याहून सोयीची जागा पुस्तकातसुद्धा सापडत नाही. सोबत नवरा होता—दानिएलराव, कांदा पिकवणारा, कमी बोलणारा माणूस. मी फोटो लावला आणि सांगितलं, डावी किडनी काढावी लागेल.

बाई मास्तरीण. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "डॉक्टर, बटाटा एका बाजूने किडका निघाला तर आम्ही तेवढाच भाग काढतो. बाकीचा भाजीत घालतो. तसं इथे नाही का करता येणार?"

इतका अचूक प्रश्न मला आजवर कुठल्या विद्यार्थ्यानेही विचारलेला नाही. आणि मी काय केलं? हसलो. म्हणालो, "बाई, किडनी म्हणजे बटाटा नव्हे." बाजूला उभी असलेली सिस्टर हसली, दानिएलराव हसले. बाई स्वतःही हसल्या, आपलंच अज्ञान असं समजून ओशाळून. त्यांना मी त्यांच्याच शहाणपणाची लाज वाटायला लावली. मग गंभीर होऊन म्हणालो, दुसरा उपाय नाही.

हे वाक्य खोटं होतं. मला जमणारा दुसरा उपाय नाही, एवढंच खरं होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. आमच्याकडे एक रीत आहे—काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायचा. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बोलावतात, ट्रेवरचा कपडा बाजूला करतात, लोक वाकून बघतात, मोबाईलवर फोटो काढतात. त्याशिवाय खात्री पटत नाही कुणाची. जेवढं मोठं काही बाहेर आलेलं दिसेल तेवढं समाधान जास्त. खोटं कशाला बोलू, किडनी काढायचं ठरवताना हेही माझ्या डोक्यात होतं—की आवळ्याएवढा तुकडा ट्रेमध्ये दाखवला तर लोक म्हणतील, एवढ्यासाठी पोट उघडलं? आणि आतमध्ये राहिलं असेल तर?

दानिएलरावांनी फोटो काढला नाही. ट्रेवर वाकून त्यांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळा येवढासाच हाय व्हय? बाकीची तर चांगलीच दिसती की वो."

ज्या माणसाचं सगळं आयुष्य साठवणीच्या चाळीतला चांगला कांदा आणि नासका कांदा वेगळा करण्यात गेलं, त्याला चांगलं काय ते कळणार नाही का? मी म्हणालो, "दिसायला चांगली दिसते. आतून मुळं गेलेली असतात."

"आसं हाय व्हय," ते म्हणाले, आणि कपडा त्यांनीच परत ओढला.

दहा दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ गाठीपुरती, कडा स्वच्छ, बाकीची किडनी निरोगी. मुळं वगैरे काही नव्हतं. मी तो फाईलला लावला आणि सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे, कॅन्सर पूर्ण निघाला. हे तर खरंच होतं. खोट्याच्या पोटी जन्मलेलं खरं किती सोयीचं असतं म्हणून सांगू!

त्या वर्षी नाताळाच्या आधी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची सभा झाली. मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस सगळ्यांसमोर उभा राहून साक्ष देतो, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. मला आग्रहाने नेलं. पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल घातली. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी घाबरले होते, पण प्रभूने मला एका खऱ्या माणसाकडे पाठवलं. खऱ्या—हाच शब्द. लोकांनी हालेलुया म्हटलं. मी हात जोडले. तिथून उठून पळून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी शाल खांद्यावर नीट बसली आहे ना तेही मी पाहिलं. दोन्ही खरं आहे. जेवणात करंज्या होत्या, मी दोन खाल्ल्या.

मग वर्षं गेली. बाईंची साखर कधी ताब्यात, कधी नाही. उरलेली किडनी एकटीने ओढत राहिली. दर सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट यायचा आणि क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर सरकलेला असायचा. मी पथ्य सांगायचो, गोळ्या बदलायचो, किडनीच्या फिजिशियनकडे पाठवायचो. दुसरं माझ्या हातात काय होतं? काढलेली किडनी परत शिवता येत नाही. मी मनाला समजावून पाहिलं की मधुमेह आहे, दोन असत्या तरी दोन्ही गेल्या असत्या. शक्य आहे. पण डाव्या किडनीचा खालचा कोपरा सोडून उरलेली ती सगळी आज त्यांच्या पोटात असती, आणि किती वर्षं पुरली असती हे आता कुणालाच कळणार नाही. ते कळू नये याची व्यवस्था मीच केली.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. दानिएलराव पहाटेच्या एसटीने घेऊन येतात. शाळेतली नोकरी सुटली. पाणी मोजून प्यावं लागतं. ज्या बाई वर्गात तासन्‌तास बोलायच्या, त्या आता दोन वाक्यांनंतर थांबतात.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. मशीन चालू होतं. बाईंनी शेजारच्या पलंगावरच्या पेशंटला माझी ओळख करून दिली—"हे माझे डॉक्टर. यांच्यामुळे मी आहे." मी खुर्ची ओढून बसलो. मग त्या म्हणाल्या, सुप्याला कंपनीत असलेल्या त्यांच्या पुतण्याच्या सासऱ्यांनाही तशीच गाठ निघाली. पुण्यात रोबोटने तेवढी गाठच काढली, किडनी जागच्या जागी ठेवली. म्हातारे आता मोटारसायकल चालवतात.

चोराच्या मनात चांदणं.

दानिएलराव म्हणाले, "आगं, ते आता निघालंय नवीन. तवा कुठं हुतं आसलं काई?"

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता हो—संशय असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना फक्त नवऱ्याचं म्हणणं माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "नव्हतंच ना डॉक्टर तेव्हा? असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

आता सांगता आलं असतं. त्या मशीनला जोडून पडलेल्या होत्या, कुठे जाणार नव्हत्या. मलाही घाई नव्हती. फार तर काय झालं असतं? त्या रडल्या असत्या, दानिएलरावांनी मला शिवी दिली असती, आणि ती मला मिळायलाच हवी होती.

"नव्हतं," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. चेहरा निवांत झाला. दानिएलरावांनी बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा आणला, आणि तो मी प्यायलो.

होतं. पुण्यात होतं, नगरहून तीन तासांवर. माझा एक वर्गमित्र तेच करायचा, आणि बाईंचे फोटो पाहिल्यावर त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपी केस आहे, पाठवून दे, मी किडनी वाचवतो." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाईंना ऑपरेशनची तारीख दिली.