थोरल्यांचे करदोडे
अक्षर माझं वेडंवाकडं, शाळा चौथीपर्यंतच. चुकलंमाकलं असू दे, ही वही मलाच वाचायची आहे. आज धाकट्या नातवाच्या बारशाला काळा करदोडा आणला आणि त्या कोऱ्या दोऱ्याच्या वासानं मला थेट बुलढाण्याच्या बालक-कुटुंब परिषदेत नेलं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी जानेफळच्या बालवाडीत मदतनीस होते. लेकरांच्या करदोड्यात एकच बोट जावं. दोन जाऊ लागली की लेकरू वाळलं समजून मी नवा, आखूड बांधायची आणि जुना जपून ठेवायची. परिषदेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी करदोड्यांची पिशवी उराशी धरून बसूनच राहिले. "भेऊन काऊन राह्यली वं? करदोडे दाखव फक्त," आमच्या ग्रामसेविकाबाई कानात म्हणाल्या. मी पिशवी सोडली तसं मागून कुणी ओरडलं, "दुकान मांडता काय बाई?" सगळे हसले. मी मंचावरच्या मोठ्या साहेबांपुढे एकाच पोरीचे दोन करदोडे शेजारी धरले, जुना लांब, नवा आखूड. "साहेब, मायच्या मांडीवर धाकटं आलं अन् हे पोरगी वाळली. अशे सात लेकरं हायेत. सरकारी दूध तान्ह्यायलेच भेटते, थोरल्यायलेबी द्या." साहेब उठून आले, सातही जोड्या त्यांनी स्वतः लावून पाहिल्या आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून थोरल्यांनाही दूध." परतताना एस.टी.त मी, कधी न बोलणारी, सारी वाट बोलत होते! आज बारशाच्या गडबडीत थोरल्या नातवाला हळूच जवळ ओढून त्याच्या करदोड्यात बोट घातलं. एकच गेलं.